हरलेल्या टीमचीही पुढची मॅच लावा

सोळा शाळांच्या टीम आल्या आणि बाद पद्धत ठेवली, तर एकूण सामने होतात 15. त्यातल्या आठ टीम पहिलाच सामना हरून वर्षभरासाठी मोकळ्या. तालुक्यातली मुलांची फुटबॉल स्पर्धा बहुतेक अशीच उरकली जाते. माझी हयात कळमेश्वरात खेळाचा मास्तर म्हणून गेली, म्हणून ठणकावून सांगतो, चौदा वर्षांखालच्या पोरांना करंडकाआधी सामने हवेत. भरपूर सामने.

त्यात ही स्पर्धा येते भर पावसाळ्यात. आपली जमीन काळी. दोन सरी पडल्या की बुटाला शेरभर चिखल चिकटतो आणि अनवाणी पोरगंच बरं पळतं. मोहप्याहून सकाळच्या एसटीनं आलेली टीम अकराला मैदानात उतरते, बाराच्या आत हरते आणि परतीची गाडी मिळेपर्यंत दुसऱ्यांचा खेळ बघत बसते. अशाच एका दुपारी एकानं विचारलं, "सर, आता आपली मॅच कई हाय?" म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तो वयोगटातच बसत नव्हता.

भरवणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: वेळ नाही, मैदान नाही, पंच नाहीत. अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांवरचा तोडगा नागपुरातच आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांची स्पर्धा भरवली. त्यातून 'स्लम सॉकर' संस्था उभी राहिली, 2016 साली 'फिफा'चा पुरस्कार मिळाला, पुढे बारसे सरांवरचा 'झुंड' आला. सिनेमा सगळ्यांनी पाहिला. या संस्थेची पोरं ज्या बेघरांच्या विश्वचषकात खेळायला जातात, त्याचे नियम मात्र कोणी पाहत नाही. मैदान 22 बाय 16 मीटरचं, बाजूला चार-चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. आणि हरलेला देश घरी जात नाही. शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या जोडीच्या टीमशी खेळत राहतो.

आता आपला हिशेब करा. सोळा टीमचे चार गट, गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, म्हणजेच लीग. एकूण 24 सामने, टीमला किमान तीन. चौदा मिनिटांचा सामना धरला तर तीन रविवारी आठ-आठ सामने दुपारच्या जेवणाआधी आटोपतात. शाळेच्या पटांगणात असली दोन मैदानं आखता येतात. पंच म्हणून दहावीतली पोरं उभी करा. नियम पाठ करतील, अंगात शिस्तही येईल.

हार-जीत मोजूच नये, असंही मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचा वेगळाच फुटबॉल आहे, लंबगोल चेंडूचा. तिथे अगदी लहान गटांत गुणतक्ताच ठेवत नाहीत. इतकं टोक मला पटत नाही. गोल मोजू द्या, पोरं तसंही मनात मोजतातच. फक्त हरल्यावर हाकलू नका.

आमच्यातलेच काही म्हणतील, पालकांना दहावीच्या वाढीव गुणांचं प्रमाणपत्र हवं असतं, लीगचं काय करायचं? सहावी-सातवीच्या पोराला दहावीचे गुण दाखवून मैदानावर आणणं मला लाजिरवाणं वाटतं. ज्यांना हवं त्यांच्यासाठी सरकारी स्पर्धा आहेच. ती बंद करा असं कोण म्हणतंय?

लीग दिवाळीनंतर ठेवावी. जमीन वाळलेली असते, ऊन सोसवतं. आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणीही तेव्हाच असते, म्हणून सामने रविवारी सकाळीच हवेत. धापेवाड्याचं पोरगं दुपारी बापासोबत बागेत जाऊ शकेल. खर्च गोलच्या जाळ्यांचा, चेंडूंचा आणि लांबच्या टीमच्या भाड्याचा. एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यानं मनावर घेतलं तर एवढा पैसा सहज निघेल. मुलींचा गट पहिल्याच वर्षापासून ठेवा, चारच टीम आल्या तरी. चार टीमचे सहा सामने होतात आणि प्रत्येक मुलगी तीनदा खेळते.