बाँडचा हात आणि आपला श्रावण

एका घोटापायी डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे पडल्याची गोष्ट आपल्याच परिसराची आहे. मोहिनीने देवांना अमृत वाटले ते नेवाशात, पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडाले ते राहुरीला आणि काया पडली ती कायगावला, असे आपल्याकडचे जुने लोक सांगतात. मोहिनीराजाच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाला ही कथा ठाऊक असते. गटारीच्या दिवशी मात्र ती कोणालाच आठवत नाही. राहूने निदान अमृत तरी प्यायले होते!

आषाढी अमावास्या ही खरे तर दिव्यांची अमावास्या. घराघरात दिवे घासूनपुसून त्यांची पूजा व्हायची. आता काही घरांत दिवे लागतात आणि काही घरांतले दिवे 'लावून' येतात. कारण एकच, उद्यापासून श्रावण! महिनाभर घ्यायची नाही, म्हणून महिन्याची आजच उरकायची.

एक महिना न पिण्याची ही कल्पना साहेबाच्या देशातही आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'ड्राय जानेवारी', म्हणजे कोरडा जानेवारी, नावाची मोहीम चालते. नाताळ आणि नववर्षाच्या मेजवान्या झाल्या की पुष्कळ लोक महिनाभर ग्लास पालथा ठेवतात. फरक इतकाच, की ते आधी पितात आणि मग पश्चात्ताप करतात. आपण मात्र पश्चात्तापाची भरपाई आगाऊच वसूल करून घेतो.

यकृताला आगाऊ जमाखर्च कळत नाही, ही यातली अडचण आहे. ब्रिटनमध्ये दारू 'युनिट'मध्ये मोजतात. १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. साधारण माणसाचे यकृत तासाला जेमतेम एवढेच पचवते. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा असतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने ७७ मिलिलिटर अल्कोहोल, म्हणजे साडेसात युनिटांहून अधिक भरते. अर्ध्या तासात रिचवलेली क्वार्टर निस्तरायला यकृताला सात-आठ तास लागतात. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी वा थंड पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. 'मी बियरच घेतो, दारू नाही' असे म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत पाच युनिटे असतात.

तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये सल्ला दिला, की स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये आणि तीही एका दिवसात संपवू नयेत. आपल्या भाषेत सांगायचे तर दुसरी क्वार्टर संपण्याआधीच आठवडा संपला! मात्र '१४ पर्यंत चालते' असा अर्थ कोणी काढू नये. सुरक्षित असे कोणतेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. कर्करोगाच्या ठाम कारणांच्या यादीत तर दारू १९८८ पासून आहे.

या हिशेबाची एक गंमत सांगतो. २०१३ च्या नाताळात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नामवंत नियतकालिकात काही डॉक्टरांनी जेम्स बाँडच्या कादंबऱ्या वाचून त्याच्या पिण्याचा हिशेब मांडला. तो निघाला आठवड्याला ९२ युनिटे! म्हणजे सुमारे बारा क्वार्टर. बाँडला आपले पेय ढवळलेले चालत नाही, हलवलेलेच लागते, हे सिनेमा पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी मिश्कीलपणे विचारले, की ही हौस आहे की दारूने हात थरथरत असल्यामुळे ते आपोआपच हलते? असा माणूस नेम धरून गोळी झाडू शकेल का, हीही शंका होतीच. आठवड्याला बारा क्वार्टर घेणारे आपल्या पंचक्रोशीतही आहेत. त्यांना कोणी झीरो झीरो सेव्हन म्हणत नाही एवढेच.

दारुड्याला हसण्याची सवय आपल्याला नाटक-सिनेमाने लावली. जॉनी वॉकर यांचे नाव व्हिस्कीवरून पडले आणि पडद्यावर त्यांनी दारुडे अजरामर केले. प्रत्यक्षात ते दारूला शिवत नसत. म्हणजे झोकांड्या खाण्यासाठी पिण्याची गरज नसते, चांगला नट असावा लागतो. गडकऱ्यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील तळीराम तर वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कायमचा मुक्कामाला आला आहे. परंतु त्या नाटकात तळीरामासोबत सुधाकर आणि सिंधूही आहेत, हे आपण विसरतो. तळीरामाला पाहून हशा पिकतो, सुधाकराच्या घरात मात्र चूल विझते. पुष्कळदा ही दोन माणसे नसतात. पहिल्या वर्षाचा तळीराम हाच दहाव्या वर्षाचा सुधाकर असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. श्रावण ही आपल्या हाती आलेली उत्तम परीक्षा आहे. जो सहज महिनाभर थांबू शकतो, त्याने भाद्रपदात पुन्हा सुरू कशासाठी करावे, हे स्वतःला विचारावे. थांबल्यावर झोप सुधारते, रक्तदाब उतरतो, यकृतावरची चरबी कमी होऊ लागते आणि खिशात चार पैसे राहतात.

परंतु ज्याला सकाळी उठल्याबरोबर लागते, जो रोज भरपूर पितो आणि घेतली नाही तर ज्याचा हात थरथरतो, त्याने अचानक, एकट्याने, खोलीत कोंडून घेऊन बंद करू नये. बंद केल्यावर काही तासांतच घाम, कंप आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जण भ्रमिष्टासारखे बोलू लागतात, नसलेली माणसे आणि किडे त्यांना दिसतात. घरच्यांना वाटते, बाहेरचे काही लागले किंवा देवाची शपथ मोडली. ते काही नसते. हा मेंदूचा आजार आहे, उपचार न झाल्यास जिवावर बेतू शकतो आणि त्यावर औषध आहे. उतारा म्हणून पुन्हा घोटभर पाजणे हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि त्याला बांधून ठेवणे तर नव्हेच.

आपली ही ज्ञानेश्वरीची भूमी. येथे तुळशीची माळ घालून बाटली कायमची सोडलेली माणसे गावोगाव भेटतात. माळेचे बळ मोठे आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. फक्त माळ घालण्याआधी डॉक्टरांना भेटावे, रोज किती घेत होतो ते खरे सांगावे आणि पहिला आठवडा त्यांच्या सल्ल्याने काढावा. घरच्या माणसांनीही या काळात टोमणे बाजूला ठेवून वेळेवर जेवण आणि औषध द्यावे. मनाचा आधार हवा असेल तर सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

जाता जाता एक मौज. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो मिळतो प्रकृती टिकवण्यासाठी! प्रकृतीच टिकवायची असेल तर त्याहून स्वस्त उपाय आहे. यंदाच्या अमावास्येला दिवे लावावेत, ते मात्र घरातलेच.