दुहेरी अंमल आणि बंगळूरचे दप्तर

दुहेरी राज्यव्यवस्था म्हटले की अभ्यासकांपुढे १७६५ ते १७७२ मधला बंगाल उभा राहतो : दिवाणी कंपनीकडे, निजामत नबाबाकडे, वसूल एकाचा, जबाबदारी दुसऱ्याची. वस्तुतः याच जातीच्या व्यवस्थेचा कितीतरी दीर्घ अनुभव बंगळूरने घेतला. नगरच्या उठावानंतर १८३१ मध्ये बेंटिंकने म्हैसूरचा कारभार काढून घेतला. तिसरे कृष्णराज वडियार म्हैसुरास राजेच राहिले. सत्ता मात्र बंगळूरच्या किल्ल्यात, टिपूच्या वाड्यात कचेरी थाटणाऱ्या कमिशनरकडे गेली. (प्रारंभी कमिशनरही दोन होते, एक गव्हर्नर जनरलचा व दुसरा मद्रास सरकारचा. त्यांचे पटले नाही आणि १८३४ मध्ये एकावरच भागवावे लागले.) ही स्थिती १८८१ पर्यंत टिकली.

परंतु राजा आणि कमिशनर या दोन टोकांवरच दृष्टी खिळल्यामुळे मधला घटक राजकीय इतिहासातून, आणि त्याहून अधिक वाङ्मयेतिहासातून, निसटला आहे. तो म्हणजे कचेरी व तिची भाषा. हैदराच्या काळी म्हैसूरचे हिशेब कानडीबरोबर मराठीतही ठेवले जात. टिपूने फारसी आणली. तथापि १७९९ नंतर, पूर्णय्याच्या दिवाणगिरीत, मराठी जाणणाऱ्या देशस्थांचे महत्त्व पुन्हा वाढले, आणि क्यूबननेही १८६१ पर्यंतची आपली दीर्घ कारकीर्द मुख्यतः त्यांच्याच बळावर चालवली. कमिशनरची इंग्रजी आणि रयतेची कानडी यांच्यामध्ये हे दप्तर बसलेले होते.

त्याची भूमिका निष्पाप नव्हती. वसुलाच्या ‘शर्ती’ पद्धतीत अमीलदार ठराविक रकमेची हमी देई. तूट आली तर ती त्याने भरायची, म्हणजे अखेरीस रयतेने. हा शब्द मराठी वाचकास सहज कळतो, हे फारसे सुखावह नाही. नगरच्या रयतेचा रोष या पद्धतीवर होता, तसाच तेथील अधिकारपदे अडवून बसलेल्या देशस्थ मंडळींवरही होता. शहाजीची बंगळूरची जहागीर आणि जयराम पिंड्ये यांचा अभिमानाने उल्लेख करणाऱ्यांनी हे प्रकरणही वाचावयास हवे.

कृष्णराज वारले त्याच १८६८ मध्ये किल्ल्यातील कचेऱ्या नव्या इमारतीत गेल्या. अठरा खात्यांवरून तिला ‘अट्टार कचेरी’ म्हणू लागले. ‘अठरा’ हा काही कानडी शब्द नव्हे. मराठी वाचकाला तर शिवकालीन अठरा कारखाने आठवतील. नाव उरले, दप्तराचे वाचन मात्र राहून गेले. कन्नडचा वाङ्मयेतिहासकार त्याला परके मानतो, मराठीचा बखरींपाशी किंवा फार तर तंजावरपाशी थांबतो. हिशेब, अर्ज, कैफियती म्हणजे वाङ्मय नव्हे, हा आक्षेप बखरींना जवळ करणाऱ्या मराठी परंपरेने तरी घेऊ नये. मोडी वाचणारा आणि कानडी जाणणारा विद्यार्थी घडवणे कोणत्याही एका भाषेच्या विभागास एकट्याने जमणारे नाही. तो घडेपर्यंत नगरच्या रयतेची तक्रार अभ्यासकाला प्रामुख्याने इंग्रज चौकशी समितीच्या १८३३ च्या अहवालातूनच ऐकावी लागेल.