जुनी इटालियन बाईक घ्यायची? आधी मागच्या टायरची किंमत विचारा

गेल्या व्हिडिओत माझ्यामागे उभी असलेली लाल बाईक कुठली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. बेनेली टीएनटी ३००, २०१६ चं मॉडेल. माझीच आहे. तिच्यावर वेगळा व्हिडिओ करणार नव्हतो, पण मोखाड्याच्या बॅचमधला एक मुलगा मागच्या आठवड्यात दुकानात आला आणि मला हे लिहायला बसावंच लागलं.

त्याच्याकडे १ लाख ४० हजार आहेत. त्यातले ५० हजार आईने बचत गटातून उचललेले. दाभोसा धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची थोडी जागा आहे, तिथे तंबू आणि जेवण सुरू करायचं असं बॅचमध्ये ठरलं होतं. आता म्हणतो, "दादा, नाशिकला एक टीएनटी बघितलीय, सेम तुमच्यासारखी. एक चाळीसला देतोय. पर्यटकांना भाड्याने देईन, रील बनवीन, आपोआप ब्रँडिंग होईल. इटालियन आहे दादा."

मी स्वतः तीच गाडी चालवतो, त्यामुळे नको म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून वही काढली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मी ही गाडी १ लाख ७५ हजाराला घेतली. सहा वर्षांत ११ हजार किलोमीटर चालवली. टायरची जोडी १९,५००. चेन-स्प्रॉकेट ८,२००. क्लच प्लेट मजुरीसह ९,०००. बॅटरी ३,४००. पुढच्या शॉकअपचे सील ४,८००. पाच सर्व्हिसिंग मिळून ३२,०००. पाईप, कूलंट वगैरे ५,६००. दोन वेळा पिकअपमध्ये टाकून नेली त्याचे ७,०००. सहा वर्षांचा इन्शुरन्स २१,०००. बेरीज १ लाख १० हजार ५००. म्हणजे पेट्रोल सोडून किलोमीटरला १० रुपये. आणि वहीत आणखी एक आकडा आहे, जो बिलात कधी येत नाही: ९४ दिवस. इतके दिवस गाडी पार्टची वाट बघत उभी होती.

आता "इटालियन" या शब्दाबद्दल. बेनेली ही पेझारो गावची कंपनी, १९११ पासूनची. पण २००५ पासून ती चियानजियांग या चिनी कंपनीच्या मालकीची आहे. आपल्याकडे २०१५ मध्ये ती पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सने आणली, जुळणी व्हायची साताऱ्याजवळ वाईला. म्हणजे नाव इटलीचं, मालक चीनचा, नट-बोल्ट आवळले वाईच्या माणसाने. यात वाईट काही नाही, गाडी छान आहे. पण त्या नावासाठी जास्त पैसे मोजताना हे माहीत असावं.

पुढे डीएसके समूह आर्थिक अडचणीत आला. मूळ अडचण बांधकामाच्या धंद्यातली. पण बाईकचे मालकही त्यात अडकले, सर्व्हिस आणि पार्टसाठी धावपळ झाली. २०१८ मध्ये बेनेली हैदराबादच्या महावीर समूहाकडे गेली आणि नव्याने सुरू झाली. तुम्ही घेतलेल्या मशीनमध्ये एकही दोष नसेल, पण ती विकणाऱ्याचा दुसराच कुठला धंदा बुडाला तर तुमची मशीन उभी राहते. बीबीएला आम्हाला पुरवठा साखळीवर एक अख्खा पेपर होता. मला तो विषय खरा कळला तोरंगणच्या घाटात.

जुलै २०२२, रविवार. त्र्यंबककडून मोखाड्याला येत होतो. पाऊस, धुकं, आणि एकदम तापमानाचा दिवा लागला. खाली बघतो तर वाफ. रेडिएटरचा रबरी पाईप चिरला होता. चूक माझीच. रबर सहा वर्षांचं झालेलं, कूलंट कधी बदललंय हे आधीच्या मालकाला मी विचारलंच नव्हतं. चमकणारी टाकी बघितली आणि पैसे दिले.

गंमत पुढे आहे. माझं जव्हारला दुकानच पाईप-फिटिंग आणि मोटरपंपाचं. भिंतभर पाईप लटकलेले. त्यातला एकही बसेना. बाईकचा पाईप साच्यातला असतो, वळण ठरलेलं, सरळ पाईप वाकवला की चिमटतो. काही शे रुपयांचा तुकडा यायला १९ दिवस लागले, आणि दोनशे किलोची गाडी पिकअपमधून नाशिकला गेली. माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्याला मी पंपाचं सील त्याच दिवशी देतो, म्हणून तर तो माझ्याकडे येतो. स्वतःसाठी मात्र मी अशी मशीन घेतली होती, जिचं सील जिल्ह्यात कुठे नाही.

मग इटालियन गाड्या आपल्या रस्त्यावर चालतच नाहीत का? रोज चालतात. जव्हारच्या स्टँडवर उभ्या राहा. ॲपे रिक्षा दिसेल. ती पियाजिओची. इटलीत १९४८ मध्ये आली, आपल्याकडे बारामतीला बनते. इटालियन भाषेत ॲपे म्हणजे मधमाशी, आणि वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. (नावं ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.) आजोबांच्या वेळचा चेतक आठवतो? बजाज आधी पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवायचं. १९७१ मध्ये करार संपला, १९७२ मध्ये तीच ठेवण घेऊन चेतक आला. चेतकचं कार्ब्युरेटर साफ करणारा माणूस प्रत्येक गावात होता. केबल तुटली तर सायकलच्या दुकानातसुद्धा काहीतरी जुगाड व्हायचा. ॲपेचा क्लच गेला तर स्टँडजवळचा मिस्त्री संध्याकाळपर्यंत गाडी लाईनला लावतो, रिक्षावाल्याचा एक दिवस बुडतो फार तर.

म्हणून माझं मत असं की देश बघू नका. मिस्त्री किती किलोमीटरवर आणि पार्ट किती दिवसांवर, हे दोनच आकडे बघा. हेच सेकंडहँड झेरॉक्स मशीनला लागू, पिठाच्या गिरणीला लागू, आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरला लागू.

कोणी म्हणेल, बेनेली सोडा, खरी इटालियन घ्या, जुनी डुकाटी. जुन्या डुकाटी आता बऱ्यापैकी उतरलेल्या भावात दिसतात, हे खरं. पण त्यांच्या इंजिनातली डेस्मो पद्धत समजून घ्या. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅमने आणि बंद होतो स्प्रिंगने. डुकाटीत बंद करायलाही वेगळा आर्म असतो. त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हची फट दोनदा मोजायची, उघडण्याची वेगळी, मिटण्याची वेगळी. आठ व्हॉल्व्ह असतील तर १६ मापं. शिवाय टायमिंग बेल्ट. तो गाडी चालली नाही तरी वर्षं झाली की बदलावा लागतो, कारण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. हे काम मुंबई-पुण्याचं. घाटातून तिकडे न्यायचं भाडं धरून हिशोब करा.

आता त्या मुलाच्या भाड्याच्या कल्पनेकडे येतो. तिच्यात कायद्याचा खड्डा आहे आणि तो कोणी रीलमध्ये सांगत नाही. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. मोटारसायकल भाड्याने देण्यासाठी केंद्राची १९९७ ची योजना आहे, त्यात परवान्यासाठी किमान पाच गाड्या लागतात. एका बाईकवर धंदा उभाच राहत नाही. खासगी गाडी भाड्याने दिलेली असताना कोणी घाटात पडला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग ५० हजार बाजूलाच राहिले, आईच्या नावावर आणखी काय काय येईल बघा.

"धंद्याच्या खर्चात दाखवीन" हेही त्याने ऐकलेलं. बहुतेक छोटे दुकानदार अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरतात. तिथे घसारा वेगळा वजा होतच नाही, तो त्या टक्क्यांतच धरलेला असतो. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, ते चांगलं झालं. पण कर कमी झाला म्हणून पार्ट लवकर येत नाही.

ब्रँडिंगचं म्हणाल तर माझं उदाहरण घ्या, जरा लाज वाटते पण सांगतो. २०१९ च्या दिवाळीआधी मी जे पावणेदोन लाख गाडीत घातले, ते दुकानाच्या मालाचे होते. पावसाळा संपला की आपल्याकडे मोगऱ्यावाले, भाजीवाले ठिबकची नळी आणि पंप घ्यायला येतात. त्या डिसेंबरात माझ्याकडे अर्धा माल नव्हता. लोक आले, बाहेर उभी असलेली लाल गाडी बघितली, "भारी आहे" म्हणाले, आणि नळी विक्रमगडहून घेतली. त्यातली दोन-तीन गिऱ्हाईकं अजून परत आलेली नाहीत.

तरी मी गाडी विकलेली नाही. सकाळी सहाला सूर्यमाळच्या रस्त्यावर तिचा आवाज ऐकला की मला बरं वाटतं, एवढंच कारण आहे. पण आता तिच्यासाठी वेगळं खातं आहे, महिन्याला दोन हजार त्यात टाकतो, दुकानाच्या गल्ल्याला हात लावत नाही. खात्यात पैसे नसतील तर गाडी ताडपत्रीखाली. शौक म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण त्याला शौकच म्हणा.

त्या मुलाला मी दुसरं काहीतरी दाखवलं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकचे रायडर आपल्या घाटात येतात ना, ते स्वतःच्या गाड्या घेऊन येतात. त्यांना भाड्याची बाईक नको असते. ट्यूबलेस पंक्चर काढणारा हवा असतो, हवा भरायला कॉम्प्रेसर, चेनला मारायला स्प्रे, ओले जॅकेट वाळवायला पत्र्याची शेड, आणि गरम नागलीची भाकरी. महागडी बाईक चालवणारा माणूस टायर पंक्चर झाला की पैशाला मागेपुढे बघत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. त्याची जागा त्याच रस्त्याला आहे. तंबूंच्या आधी ही शेड उभी राहू शकते, आणि तीही त्या पैशातल्या निम्म्याहून कमी रकमेत.

त्याने ऐकून घेतलं, पण चेहरा पडला होता. वीस-बावीसच्या वयात लाल बाईकसमोर पत्र्याची शेड कोणाला आवडणार.

परवा त्याचा फोन आला. गाडी अजून विकली गेली नाहीय, तो माणूस वीस हजार कमी करायला तयार आहे म्हणे. मी विचारलं, मागचा १६० चा टायर कितीला मिळतो? म्हणाला, "थांबा दादा, विचारून सांगतो."