बिलीची कीव पुरे

बिली हॉलिडेच्या ‘लेडी इन सॅटिन’वर लिहायला बसलेला माणूस पहिल्याच परिच्छेदात तिचं पोस्टमॉर्टेम उरकतो. हेरॉइन, दारू, तुरुंग, जुलै १९५९मध्ये ४४व्या वर्षी मृत्यू. मग निकाल दोनच: ‘आवाज पार गेलाय, ऐकवत नाही’, नाहीतर ‘आवाज गेलाय म्हणूनच काळजाला भिडतो’.

मला राग दुसऱ्या गटाचा जास्त येतो. पहिल्याने निदान ऐकून नाक मुरडलेलं असतं. दुसऱ्याला गायिका नकोच असते, पेशंट हवी असते.

हा अल्बम फेब्रुवारी १९५८मध्ये न्यूयॉर्कला, कोलंबियासाठी रेकॉर्ड झाला. रे एलिसचं काम ऐकून तिनेच त्याला मागून घेतलं. व्हायोलिनचा तो गुळगुळीत थर तिला हवा होता. (मागचा कोरस मात्र मलाही चिकट वाटतो.) गाणी निवडली तीही आधी कधी रेकॉर्ड न केलेली. पुढे सीडीवर ‘द एंड ऑफ अ लव्ह अफेअर’च्या तालमीचे तुकडे आले, त्यांत ती अनोळखी चाल घोटताना ऐकू येते. यात नशिबाने केलेलं काय आहे? हे ठरवून केलेलं काम आहे.

आणि आवाज ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं? तिचा पल्ला १९३०च्या दशकातही सप्तकाच्या जेमतेम पुढे जायचा. तिची सगळी मदार शब्द कधी टाकायचा यावर होती. ‘आय ॲम अ फूल टू वाँट यू’ ऐका. व्हायोलिनं सरळ रेषेत चालतात, ती मागे रेंगाळते. सूर लांबवता येत नाही तिथे सोडून देते, आणि ओळ बोलता बोलता संपते. एलिससुद्धा रेकॉर्डिंगच्या वेळी नाराज होता. नंतर मिक्स ऐकताना त्याचं मत फिरलं.

सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर आज कुणाच्याही लॅपटॉपवर चालतं. आमच्या धंद्यातला एखादा उत्साही तिचा प्रत्येक शब्द उचलून ठेक्यावर बसवेल. त्याला जो बग वाटेल, तेच तिचं गाणं आहे.

आपल्याकडे सत्तरीतल्या गवयाचा षड्ज लागत नाही, तरी एखादी जागा अशी येते की मागून ‘क्या बात है’ उमटतं. तिथे कुणी त्याची मेडिकल फाइल उघडत नाही. बिली हे गायली तेव्हा ४२ वर्षांची होती.