मन सापडलं म्हणे!

'मनाचा नकाशा मिळाला' या छापाची बातमी वर्षा-दोन वर्षांनी येतेच. सोबत निळ्या-जांभळ्या रंगांत उजळलेलं पेशींचं जाळं. (ते रंग संगणकाने भरलेले असतात, हेही कुणी सांगत नाही.) माझं भांडण त्या चित्राशी नाही, त्याखालच्या ओळीशी आहे.

चित्र थोरच आहे. दवाखान्यातल्या एक्स-रेत हाड दिसतं, कारण त्यातलं कॅल्शियम किरण अडवतं. मेंदू म्हणजे मुख्यतः पाणी, चरबी आणि प्रथिनं. किरण आरपार जातात आणि हाती धूसर करडेपणा येतो. पण ऊतकातून जाताना किरणांच्या लाटा किंचित मागेपुढे सरकतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला ईएसआरएफ हे सिंक्रोट्रॉन आहे, तिथल्यासारखे एका सुरात चालणारे किरण वापरले की ते सरकणं पकडता येतं. नमुना फिरवत हजारो प्रतिमा घ्यायच्या, संगणकाने त्या जुळवायच्या, की आतल्या पेशी आणि रक्तवाहिन्या जागच्या जागी दिसतात. तुकडा न कापता! खरी बातमी ही. 2024 साली मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा तपशील प्रसिद्ध झाला, तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेला. त्यासाठी तेवढ्याशा कणाचे पाच हजारांवर काप करावे लागले आणि माहिती साठली 1,400 टेराबाइट. अख्ख्या मेंदूत असे कण बारा लाखांच्या घरात.

आता मनाचं बघू. हे ऊतक मेलेलं असतं, रसायनात मुरवलेलं, पुष्कळदा ऑस्मियमसारख्या जड धातूने रंगवलेलं. जिवंत डोक्यावर किरणांचा इतका मारा करताच येणार नाही. शिवाय पेशी ओळखायला मायक्रॉनची बारकाई पुरते, पण दोन चेतापेशींमधली फट असते जेमतेम 20 नॅनोमीटर. घरं दिसली, कोण कुणाशी बोलतं ते नाही.

समजा तेही दिसलं. सी. एलेगन्स या इवल्याशा कृमीच्या 302 चेतापेशींची जोडणी 1986 सालीच छापून आली. पण तो पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे निव्वळ त्या नकाशावरून अजून खात्रीने सांगता येत नाही. पेशी तारांवाचूनही बोलतात, रसायनं सोडून. आणि आपण 86 अब्ज चेतापेशींच्या मनाच्या गोष्टी करतो!

"मथळाच आहे, एवढं काय मनावर घेता?" असं एका संपादक मित्राने मला ऐकवलं. मनावर घेतो ते शेजारच्या काकूंमुळे. काकांना विस्मरणाचा आजार. अशीच एक बातमी कापून ठेवून काकूंनी विचारलं, "हा फोटो पुण्यात निघतो का हो? खर्चाचं बघू काहीतरी." त्या यंत्रात जिवंत माणूस जात नाही, हे वाक्य त्यांच्यापुढे मला उच्चारावं लागलं. मथळा लिहिणारा तिथे नव्हता.

अल्झायमरमध्ये साठणारे अमायलॉइडचे गोळे या तंत्राने त्रिमितीत पाहता येतात, आणि उद्या त्याचा उपचारांना उपयोग होईलही. एवढं लिहिलं तरी बातमी होते. फक्त 'मेलेल्या ऊतकात' हे शब्द पहिल्या ओळीत हवेत, आठव्या नव्हे.