न मागितलेला रंग

वेबपानावर कोडला आपोआप रंग देण्याची सोय उत्तम. पण जे कोडच नाही त्यालाही ती रंगवायला निघाली की वैताग येतो. मजकुराच्या तुकड्याची भाषा सांगितलेली नसेल, तर हायलाइट डॉट जेएस ही लायब्ररी सरळ अंदाज बांधते: एकेका भाषेचे नियम लावून पाहते, गुण देते आणि जिला जास्त गुण तिचे रंग फासते. मग सर्व्हरच्या साध्या लॉगमधले ‘इफ’ आणि ‘फॉर’ उगाच मिरवू लागतात आणि इंग्रजी ‘डोन्ट’मधला अपॉस्ट्रॉफी स्ट्रिंगची सुरुवात समजला गेला, तर त्यापुढचा मजकूर भलत्याच रंगात जातो. उपाय सोपा आहे. त्या तुकड्याला ‘नोहायलाइट’ हा क्लास दिला की रंग बंद. मार्कडाउनमध्ये तीन बॅकटिकांपुढे ‘टेक्स्ट’ लिहिलं तरी बहुतेक ठिकाणी भागतं. गो भाषेच्या जनकांपैकी एक असलेले रॉब पाइक तर कोड रंगवणंच पोरकट मानतात. इतक्या टोकाला जायचं कारण नाही. मात्र चुकीचा रंग हा बिनरंगापेक्षा वाईट, कारण वाचक त्यावर विश्वास ठेवतो. भाषा ठाऊक असेल तर स्पष्ट सांगावी. नसेल तर मजकूर काळा-पांढराच ठेवावा.