गुरू गोविंदसिंह: तीन आक्षेप आणि नांदेडचा निर्णय

शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंह यांचे निर्वाण ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गोदावरीकाठी नांदेड येथे झाले. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरची पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. यवतमाळमधल्या उमरखेडहून नांदेडचा सचखंड गुरुद्वारा शंभर किलोमीटरच्या आत आहे. इतक्या जवळ असूनही गुरूंची ओळख घोडा, बाज आणि तलवार या चित्रापलीकडे फारशी जात नाही. त्या चित्राभोवती तीन समजुती रुजल्या आहेत. पहिली, नानकांचा भक्तिमार्ग सोडून त्यांनी पंथाला लष्करी वळण दिले. दुसरी, दक्षिणेत ते मोगल बादशहाचे चाकर म्हणून आले. तिसरी, त्यांचा वारसा पंजाबचा असून मराठी मुलुखाशी त्याचे नाते योगायोगाचे आहे. पुरावा पाहिला तर यांपैकी एकही समजूत टिकत नाही.

पहिला आक्षेप रवींद्रनाथ ठाकूर आणि जदुनाथ सरकार यांच्यासारख्या थोरांनी मांडला आहे, म्हणून त्याचा विचार गांभीर्यानेच केला पाहिजे. नानकांनी मोकळी केलेली माणसाची सर्व शक्ती गोविंदसिंहांनी एकाच दिशेला वळवली आणि अध्यात्मातून उभी राहिलेली एकजूट राजकीय यशाचे साधन बनवली, असे त्यांचे म्हणणे. मात्र घटनाक्रम वेगळे सांगतो. पाचवे गुरू अर्जनदेव १६०६ मध्ये लाहोरला मोगलांच्या कैदेत मारले गेले आणि त्यांचे पुत्र हरगोविंद यांनी शस्त्र धारण केले. नववे गुरू तेगबहादूर यांचा १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात शिरच्छेद झाला, तेव्हा गोविंद नऊ वर्षांचे होते. शस्त्र त्यांना वारशाने मिळाले होते आणि ते छळाच्या उत्तरादाखल आले होते.

त्यांनी स्वतः नवे काय केले, ते १६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात दिसले. पंथासाठी शीर द्यायला पाच जण पुढे आले: लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणक्या, द्वारकेचा कापड छापणारा आणि बिदरचा न्हावी. पाचांना एकाच भांड्यातून अमृत देऊन गुरूंनी खालसा पंथ स्थापला. मग त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः दीक्षा मागितली. केवळ फौज उभारायची असती, तर सेनापतीने शिपायांकडून दीक्षा घेण्याचे कारण नव्हते. नानकांनी लंगरच्या पंगतीत आणलेली समता गोविंदसिंहांनी गुरुपदापर्यंत नेली. पुढे कुराणावर घेतलेल्या शपथेच्या भरवशावर वेढ्यात सापडलेले आनंदपूर गुरूंनी सोडताच मोगलांनी दगा केला. थोरले दोन पुत्र चमकौरच्या लढाईत पडले, धाकट्या दोघांना सरहिंदच्या वजीरखानाने ठार मारले. त्यानंतर औरंगजेबाला लिहिलेल्या ‘जफरनामा’ या फारसी काव्यपत्रात गुरूंनी त्याच्या शपथभंगाचा जाब विचारला आणि सर्व उपाय थकल्यावरच शस्त्र उचलणे न्याय्य ठरते, असे बजावले. शस्त्रावर नीतीचा असा लगाम ठेवणारा माणूस भक्तिमार्ग सोडून गेला, असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या आक्षेपामागे काही खऱ्या नोंदी आहेत. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. नवा बादशहा बहादूरशहा आणि गुरू यांची त्याच वर्षी आग्र्याला भेट झाली आणि गुरूंना मानाचा पोशाख मिळाला. बादशहा भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत निघाला, तेव्हा गुरूही काही स्वारांसह बरोबर होते. एवढ्यावरून काही इतिहासकारांनी चाकरीचा निष्कर्ष काढला. त्याला तीन गोष्टी आड येतात. ऑक्टोबर १७०७ च्या हुकूमनाम्यात गुरूंनी पोशाखाचा उल्लेख करून, आपण आनंदपूरकडील कहलूरला पोहोचलो की खालशाने शस्त्रांसह हजर व्हावे, असे संगतीला कळवले. बादशहाचा चाकर आपल्या हुकमाने स्वतंत्र फौज बोलावत नाही. मनसबदार वारला की त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची मोगल रीत होती. गुरूंच्या निर्वाणानंतर तसा प्रश्न निघाला, तेव्हा दरवेशाच्या मालमत्तेला हात लावू नये, असा बादशहाचा हुकूम झाल्याची दरबारी अखबारांत नोंद आहे. शिवाय बादशाही फौज पुढे गेली आणि गुरू नांदेडला थांबले. तिथे त्यांनी माधोदास बैराग्याला दीक्षा देऊन बंदासिंह म्हणून पंजाबकडे धाडले. मे १७१० मध्ये छप्परचिडीच्या लढाईत वजीरखान मारला गेला. गुरू बादशहाबरोबर होते ते वजीरखानाविरुद्ध न्याय मिळावा म्हणून बोलणी करण्यासाठी. न्याय मिळत नाही असे दिसताच ते वेगळे झाले.

तिसरी समजूत तर मराठी माणसाच्या स्वतःच्या इतिहासाशी विसंगत आहे. शिखांच्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत आणि पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आजही पुजले जाते. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले. आनंदपुरात शीर द्यायला पुढे आलेल्या त्या पाच प्यार्‍यांपैकी साहिबसिंह दख्खनच्या बिदरचे. यवतमाळ जिल्ह्याचा तर याहून जवळचा धागा आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या तालुक्यांत बंजारा तांडे पसरले आहेत. तेगबहादुरांचे धड दिल्लीतून उचलून नेणारे आणि अंत्यसंस्कार कुणाला कळू नये म्हणून स्वतःच्या घरालाच आग लावणारे लखीशाह बंजारा होते, असे शीख परंपरा कृतज्ञतेने सांगते. त्या जागी आज दिल्लीचा रकाबगंज गुरुद्वारा आहे.

ही तिन्ही खंडने ज्या मंडनाकडे नेतात, ते नांदेडच्या अखेरच्या निर्णयात आहे. मारेकऱ्याच्या वाराने जखमी झालेल्या गुरूंनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि गुरुपद ग्रंथाला दिले. चारही पुत्र गेल्यामुळे त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता, असे कुणी म्हणेल. पण गुरुपद पुत्रालाच द्यावे असा नियम कधीच नव्हता. नानकांनी दोन पुत्र असताना ते शिष्य अंगददेवांना दिले होते. गोविंदसिंहांजवळही योग्य शिष्य होते. म्हणून हा निर्णय विचारपूर्वक केलेला ठरतो.

त्या ग्रंथाचे स्वरूप पाहिले की निर्णयाचा अर्थ स्पष्ट होतो. त्यात शिंपी नामदेव, विणकर कबीर, चर्मकार रविदास आणि सूफी शेख फरीद यांची वाणी गुरूंच्या वाणीबरोबर आहे. गोविंदसिंहांनी त्यात वडिलांची पदे घातली, आपले विपुल काव्य मात्र वेगळे ठेवले. माथा टेकायचा तो जातपात न पाहणाऱ्या शब्दापुढे आणि व्यवहाराचे निर्णय घ्यायचे ते पंथाने मिळून, अशी ही व्यवस्था आहे. व्यक्तिपूजेला तिने दार बंद केले. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात, तेव्हा निजामाच्या मुलखात असलेल्या नांदेडला सचखंड बांधले आणि हे स्थान शिखांच्या पाच तख्तांपैकी एक ठरले. गोविंदसिंहांची तलवार छळाला दिलेले उत्तर होती. माणसाकडून घेऊन शब्दाला आणि समुदायाला दिलेला अधिकार ही त्यांची शिकवण होय, आणि ती मराठी भूमीवर पूर्णत्वाला गेली.